सूत्रं पाठ आहेत, पण कोड्यापाशी वर्ग अडतो

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो. मुलं सूत्रं बिनचूक सांगतात, गणितंही सोडवतात. पण ‘तळ्यातल्या होडीत दगड आहे, तो पाण्यात टाकला तर तळ्याची पातळी वाढेल की कमी होईल?’ असं विचारलं की सगळा वर्ग गप्प. अशी कोडी वर्गात कशी आणावीत? आणि विनोदाचा काही उपयोग होतो का, की नुसता तास जातो?

उत्तर :

सर, वर्ग गप्प होतो याचं वाईट वाटून घेऊ नका. मी तेहतीस वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं. दर जूनमध्ये नव्या वर्गासमोर मी असा एखादा प्रश्न ठेवायचे आणि दर जूनमध्ये हीच शांतता असायची. नव्वद टक्के मिळवून आलेली मुलंही त्यात असायची. हार्वर्ड विद्यापीठात एरिक मॅझूर यांना १९९०च्या आसपास हेच दिसलं. अवघड गणितं सोडवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी बल आणि गतीवरचे साधे, आकडे नसलेले प्रश्न दिले. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारलं की, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला एरवी वाटतं तशी? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. आपल्या मुलांच्याही डोक्यात हे दोन कप्पे असतात, एक परीक्षेचा आणि एक खरा. गणित सोडवताना पहिलाच उघडतो. कोड्यात कुठलं सूत्र लावायचं ते दिसत नाही, म्हणून दुसरा उघडावा लागतो, आणि तिथे आजवर कुणी हात घातलेला नसतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की, कोड्याच्या तासाला मुलांकडून बरोबर उत्तराची घाई करू नका. चुकीचा अंदाज आणि त्यामागचं कारण बाहेर काढा. खरं शिकवणं तिथून सुरू होतं. आता हे करायचं कसं, ते तुमच्याच होडीवरून सांगते.

होडी फळ्यावर काढू नका, टेबलावर आणा. लोणच्याची किंवा बिस्किटांची पारदर्शक, सरळ बाजूंची प्लास्टिकची बरणी घ्या, साधारण १५ सेंटीमीटर रुंद. ती अर्धी पाण्याने भरा. त्यात बसेल असा स्टीलचा डबा झाकण काढून तरंगत सोडा, ही होडी. डब्यात अर्धा किलोच्या आसपासचा दगड अलगद ठेवा. बरणीला बाहेरून रबरबँड लावून तो पाण्याच्या पातळीवर आणा. मोठं घमेलं किंवा बादली घेऊ नका, पाणी पसरट भांड्यात असलं की पातळीतला फरक डोळ्यांना दिसतच नाही. पहिल्या वर्षी मी बादली घेतली होती आणि अख्ख्या वर्गाने ‘काहीच बदल नाही’ असा निष्कर्ष काढला होता.

मग फळ्यावर तीन पर्याय लिहा : वाढेल, कमी होईल, तेवढीच राहील. हात वर करायला सांगू नका. वर्गातल्या हुशार मुलाचा हात गेला की मागून वीस हात जातात. प्रत्येकाला चिठ्ठीवर पर्याय आणि एका ओळीत कारण लिहायला लावा. चिठ्ठ्या गोळा करून कारणं मोठ्याने वाचा, नाव न घेता. ‘दगड पाण्यात गेला म्हणजे पाणी वर येणारच, कळशी विहिरीत बुडवल्यावर येतं तसं.’ ‘दगड आधीही बरणीतच होता, नंतरही बरणीतच आहे, मग फरक कसा पडेल?’ ही दोन कारणं तुम्हाला हमखास मिळतील, आणि दोन्हींत विचार आहे. दुसऱ्यात तर वस्तुमान कुठे जात नाही याची जाणीव आहे. हे त्या मुलांना मोकळेपणाने सांगा.

आता पाच मिनिटं त्यांना आपसात भांडू द्या. तुम्ही बोलू नका. नवख्या शिक्षकाला हीच पाच मिनिटं सगळ्यात जड जातात, उत्तर ओठांवर आलेलं असतं. कुणीच पुढे सरकत नसेल तर एकच धागा द्या : टोकाला नेऊन पाहा. समजा, दगड खसखशीच्या दाण्याएवढाच आहे, पण वजन मात्र अर्धा किलो. तो होडीत असताना होडी किती दबेल? आणि तळाशी गेल्यावर तो किती जागा घेईल? इथे दोन-चार चेहरे उजळतात. ते क्षण बघण्यासाठी मी हा तास दर वर्षी घेतला.

आकडे त्यानंतर. अर्धा किलोचा दगड होडीत असताना होडीला स्वतःच्या भारापेक्षा ५०० ग्रॅम जास्त पेलायचे असतात, म्हणून ती ५०० घनसेंटीमीटर जास्तीचं पाणी बाजूला सारते. दगडाची घनता पाण्याच्या अडीचपट धरली तर त्याचं स्वतःचं आकारमान २०० घनसेंटीमीटर. तळाशी गेल्यावर तो फक्त तेवढंच पाणी सारतो. फरक ३०० घनसेंटीमीटरचा, म्हणजे १५ सेंटीमीटर रुंद बरणीत पातळी सुमारे पावणेदोन सेंटीमीटर खाली. दगड उचलून हळूच पाण्यात सोडा. पाणी रबरबँडच्या खाली उतरलेलं शेवटच्या बाकावरूनही दिसतं. आर्किमिडीजचं तत्त्व मुलांनी आठवीपासून दहा वेळा लिहिलेलं असतं. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाएवढं पाणी सारते आणि बुडालेली आपल्या आकारमानाएवढं, हा त्यातला भेद त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतो.

एक कोडं सुटलं की त्याच्या घरातलं दुसरं लगेच द्यावं, नाहीतर मुलं उत्तरच पाठ करतात. गतीच्या धड्यासाठी माझं आवडतं कोडं एसटीतलं आहे. पाण्याची बाटली जवळजवळ काठोकाठ भरायची, करंगळीच्या पेरापेक्षाही लहान हवेचा बुडबुडा राहील इतकी, आणि झाकण घट्ट लावायचं. गाडीत बसल्यावर ती मांडीवर आडवी धरायची, झाकण ड्रायव्हरच्या दिशेला. गाडी स्टँडवरून सुटताना आपण मागे रेलतो. बुडबुडा कुठे जाईल? जवळपास सगळे ‘मागे’ लिहितात. मग त्यांना घरी जाताना बघायला सांगा. बुडबुडा पुढे पळतो आणि ब्रेक लागला की मागे. पाणी हवेपेक्षा जड, जडत्वाने मागे राहतं ते पाणी, आणि त्याच्या रेट्याने बुडबुडा पुढे ढकलला जातो. याच घरातलं दुसरं कोडं : काचा बंद असलेल्या मोटारीत जत्रेतला गॅसचा फुगा दोरीने बांधलाय, मोटार वेगाने निघाली तर फुगा कुठे झुकेल? ज्याला बुडबुडा कळला तो इथे चुकत नाही. जो चुकला त्याने बुडबुड्याचं उत्तर फक्त ऐकून लिहिलं होतं, हे तुमच्या लक्षात येतं.

वर फेकलेल्या चेंडूचा प्रश्न मात्र यातला सगळ्यात चिवट. हातातून सुटून वर जात असलेल्या चेंडूवर कोणकोणती बलं आहेत, बाणांनी दाखवा. हवेचा रोध सोडून द्या. बारावीची मुलंसुद्धा वरच्या दिशेने एक बाण काढतात, आणि ‘वर जातोय म्हणजे वरचं बल जास्त’ असं लिहितात. यावर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही, मी देऊन पाहिलं आहे. एकच प्रश्न विचारायचा, ‘हे बल कोण लावतंय?’ हात तर केव्हाच सुटलाय. दोरी नाही, स्प्रिंग नाही. पृथ्वी आहे, पण ती खाली ओढते. प्रत्येक बाणाला लावणारा कोणीतरी हवा, नाव सांगता आलं नाही तर बाण पुसायचा. हा नियम वर्गात महिनाभर पाळलात तर बलाच्या आकृत्या आपोआप सुधारतील. मुलांनाही तो आवडतो, एकमेकांच्या वहीत डोकावून ‘कोण? कोण?’ विचारत बसतात.

निव्वळ तर्काची कोडी विज्ञानाच्या तासाला घ्यावीत का, असंही काही शिक्षक विचारतात. जरूर घ्यावीत, कारण भौतिकशास्त्रातला एक फार सुंदर युक्तिवाद शुद्ध तर्काचाच आहे. जड वस्तू हलकीपेक्षा वेगाने पडते असं गृहीत धरा, असं गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या ग्रंथात म्हटलं. आता जड दगडाला हलका दगड बांधला. हलका मागे ओढणार, म्हणून जोडगोळी जड दगडापेक्षा हळू पडली पाहिजे. पण दोन्ही मिळून वजन वाढलंय, म्हणून ती जास्त वेगाने पडली पाहिजे. एकाच गृहीतकातून दोन उलट उत्तरं! म्हणजे गृहीतकच चुकलं. कुठल्याही उपकरणाशिवाय, खुर्चीत बसून. हे सांगून झालं की वहीवर तिच्यापेक्षा लहान कागदाचा तुकडा ठेवून दोन्ही एकत्र सोडा, कागद वहीला चिकटल्यासारखा खाली येतो. आणि २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५चे डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून हातोडा आणि ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडलं त्याची चित्रफीत दाखवता आली तर दाखवाच.

तराजूची कोडीही अशीच. आमच्या लहानपणी घरात कोडं घालायचे : वाण्याचा एक मणाचा दगड पडून त्याचे चार तुकडे झाले, आणि त्या चार तुकड्यांनी तो १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कुठलंही पुरं वजन करू लागला. तुकडे किती शेरांचे? मण म्हणजे ४० शेर, हे आता मुलांना सांगावं लागतं. तुकडे १, ३, ९ आणि २७ शेरांचे. गंमत अशी की तुकडा मालाच्या पारड्यातही ठेवता येतो, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या तीन जागा झाल्या : या पारड्यात, त्या पारड्यात, किंवा बाहेर. नऊ नाण्यांतलं एक जड नाणं दोनच वजनांत शोधायचं कोडं याच तीनच्या हिशोबावर चालतं. तराजू एका वेळी तीनपैकी एक उत्तर देतो, दोन वेळांत नऊ. एक मोजमाप आपल्याला किती सांगू शकतं याचा हा पहिला धडा आहे, आणि प्रयोगशाळेत तो आयुष्यभर लागतो.

कोडी निवडताना ती मुलांच्या जगातली आहेत ना, हे मात्र बघत जा. तीन बटणं, बंद खोलीत एक दिवा, खोलीत एकदाच जायचं, कुठलं बटण दिव्याचं ते ओळखा, हे जुनं कोडं तुम्हाला ठाऊक असेल. पहिलं बटण दहा मिनिटं चालू ठेवून बंद करायचं, दुसरं लावायचं आणि आत जायचं. बंद पण गरम दिवा असेल तर पहिलं बटण. काही वर्षांपूर्वी एका मुलीने मला विचारलं, ‘मॅडम, दिवा गरम कशाला होईल?’ तिच्या घरात जन्मापासून एलईडी होते. तिचं बरोबर होतं. तारेच्या दिव्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जायची. एलईडीचा वरचा गोळा फारसा तापत नाही, ऊब लागते ती खालच्या भागाला. तेव्हापासून मी कोडं तसंच घालते आणि तिचा प्रश्न त्याला जोडते, तो मूळ कोड्याहून चांगला आहे.

चहात दूध आधी घालावं की नंतर, म्हणजे तो जास्त वेळ गरम राहील, हा प्रश्न परदेशी पुस्तकांत खूप दिसतो. आपण दूध घालून उकळतो, मुलांना तो परका वाटतो. त्याऐवजी बशी आहे, माठ आहे. नागपूरला ज्या कूलरवर उन्हाळा निघतो तोच मुंबईत का चालत नाही, हा प्रश्न तर पूर्ण तासाचा ऐवज आहे. दहा लिटरच्या माठातून पेलाभरही नाही, १०० ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं आणि बाहेरून उष्णता आलीच नाही असं धरलं, तर उरलेलं पाणी जवळजवळ ६ अंशांनी गार होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साध्या तापमानाला सुमारे २४०० ज्यूल लागतात, त्यावरून मुलांना हे काढता येतं. मुंबईच्या दमट हवेत ती वाफ होणंच मंदावतं.

आणखी एक, कारण हे कोडं महाराष्ट्राचं स्वतःचं आहे : सूर्य बरोबर डोक्यावर कधी येतो? ‘रोज दुपारी बाराला’ असं उत्तर येतं आणि त्यातले दोन शब्द चुकीचे असतात. रोज नाही, वर्षातून दोनदा. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस, नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यात. बाराला नाही, कारण आपली घड्याळं ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतात आणि मुंबई ७३ अंशांच्या आसपास आहे. अंशाला चार मिनिटं धरली की सूर्य तिथे साडेबारानंतर माथ्यावर येतो. दिल्लीत तर तो कधीच डोक्यावर येत नाही, दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. बिनसावलीच्या त्या दिवशी मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग, म्हणून आपली मुलं हे बघायची राहून जातात. सुट्टी लागण्याआधीच त्यांना तारीख देऊन ठेवा. अंगणात उभा ठेवलेला पेला आणि त्याची नाहीशी झालेली सावली, एवढंच लागतं.

आता विनोदाबद्दल. उपयोग होतो, पण मी एक पथ्य कसोशीने पाळलं : हसायचं ते उत्तराला, मुलाला कधीही नाही. वर्गात एकदा चुकीवर हसू झालं की ते मूल पुढे चिठ्ठीवरही खरा अंदाज लिहीत नाही, आणि मग आपल्या हातात काहीच उरत नाही.

उत्तराला हसायला शिकवणं मात्र फार महत्त्वाचं. एसटीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, मीटर प्रति सेकंदात सांगा. पाच-अठरांशऐवजी अठरा-पंचमांशने गुणलं की उत्तर येतं २५९. मुलं खाली दोन रेघा मारून मोकळी होतात. मी तेवढंच फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, ‘ही गाडी स्वारगेटहून सुटली तर कोल्हापूरला कधी पोचेल?’ हिशोब केला की कळतं, पंधरा-सोळा मिनिटांत. गाडी ताशी ९०० किलोमीटरच्या वर, प्रवासी विमानाच्या वेगाने! वर्ग खळखळून हसतो, चूक करणारं मूलही हसतं, कारण गाडी विनोदी झाली आहे, ते नाही. पुढच्या वेळी उत्तर लिहिल्यावर ते थांबून विचार करतं की हे असू शकतं का. चेंडूचं वस्तुमान १०चा तिसावा घात किलोग्रॅम आलं, तर तो चेंडू सूर्याच्या निम्म्या वजनाचा आहे, हे ओळखून ज्याला हसू येतं त्याला भौतिकशास्त्र यायला लागलं.

विनोदी गोष्टीही पुढे नेता येतात. हवेचा दाब मोजणाऱ्या दाबमापकाने इमारतीची उंची कशी मोजाल, या प्रश्नावर ‘दोरी बांधून गच्चीवरून खाली सोडेन आणि दोरी मोजेन’, ‘टाकून पडायला लागलेला वेळ मोजेन’, ‘वॉचमनला भेट देऊन उंची विचारेन’ अशी उत्तरं देणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट सगळीकडे फिरते. ती नील्स बोर यांच्या नावावर सांगतात, पण त्याला आधार नाही. ती अमेरिकेतले शिक्षक अलेक्झांडर कॅलेंड्रा यांच्या लेखणीतली आहे. हसून झाल्यावर मुलांना विचारा, कुठलं उत्तर सगळ्यात अचूक? १० मजली, ३० मीटर उंच इमारतीच्या तळाशी आणि गच्चीवर पाऱ्याच्या स्तंभात फरक पडतो जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. वाचताना अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली की उंचीत साडेपाच मीटरची चूक. वरून टाकून वेळ मोजला आणि सेकंदाच्या दहाव्या भागाची चूक झाली तर अडीच मीटरच्या आत. दोरीत काही सेंटीमीटर. म्हणजे पुस्तकाला अपेक्षित असलेलं उत्तर सगळ्यात ढोबळ निघतं. हे मुलांनी स्वतः काढलं पाहिजे, तास सार्थकी लागतो.

साहित्याची काळजी करू नका. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून केलेली विज्ञान खेळणी इंटरनेटवर मोफत आहेत, मराठीतूनही. आठवड्याला एकच कोडं घ्या, शुक्रवारचा शेवटचा तास बरा. अभ्यासक्रम मागे पडत नाही. धडा वेगाने जातो, कारण प्रश्न मुलांच्या डोक्यात आधीच असतो.

होडीनंतरचं कोडं मी सुचवते. फ्रीजरमध्ये दोन वाट्या ठेवा, एकीत नुसतं पाणी आणि दुसरीत पाण्यासोबत सुपारीपेक्षा लहान एक खडा. दोन्ही बर्फ अरुंद पारदर्शक भांड्यांत तरंगत ठेवून बारीक पेनने पातळीची खूण करा. खडा मोठा झाला तर बर्फ बुडेल, म्हणून आदल्या दिवशी घरी करून पाहा. बर्फ वितळल्यावर कुठल्या भांड्यात पातळी हलेल, आणि कुठे? फरक मिलिमीटरभरच पडेल, तेव्हा खूण नीट करा. उत्तर मी मुद्दाम लिहीत नाही. आधी तुम्हीही एक चिठ्ठी लिहून खिशात ठेवा.